रनेबल म्हणजे सुरू झालं असं नव्हे

३ जून २०२५, मंगळवार. कॉलेजच्या टपालात माझ्या नावानं एक खोकं आलं. आत बबल रॅपमध्ये गुंडाळलेली एक टीबीची हार्ड डिस्क आणि एक कागद: २४ नमुने, आरएनए सिक्वेन्सिंग, पेअर्ड एंड, एकूण ९२ जीबी. दीड वर्ष जिची वाट बघितली ती वस्तू हातात होती आणि डोक्यात एकच प्रश्न होता, आता हे उघडायचं कशात?

मी बेळगावातल्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते आणि जमेल तशी पीएच.डी. करते. विषय भात. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात शिरतं आणि लावलेली रोपं पाण्याखाली जातात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. येळ्ळूरची जुनी बासमती आणि पुरात टिकते म्हणून नावाजलेली स्वर्णा-सब१, अशा दोन वाणांची रोपं मी टाकीत बुडवली. बुडवायच्या आधी, मग १, ३ आणि ७ दिवसांनी पानं काढली, दर वेळी तीन-तीन नमुने. दोन वाण, चार वेळा, तीन नमुने: झाले चोवीस. पाण्याखाली कोणती जनुकं जागी होतात ते बघायचं होतं. जागं जनुक आपला आरएनए बनवतं, आणि त्या आरएनएच्या तुकड्यांचं वाचन त्या डिस्कवर होतं. एका तुकड्याच्या वाचनाला रीड म्हणतात, आणि तुकडा दोन्ही टोकांनी वाचला की पेअर्ड एंड.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर एक्सेल, थोडंसं आर, आणि लिनक्सच्या पाच-सहा आज्ञा. क्लाउडवर (कंपनीच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर) पाइपलाइन (एकामागून एक कामांची साखळी) चालवायची म्हणजे काय हे जूनमध्ये मला माहीत नव्हतं. ऑगस्टपर्यंत झालं. मधल्या दोन महिन्यांत जे जे अडलं ते लिहून ठेवते. वाचून कुणाचा एखादा शनिवार वाचला तरी चालेल.

आधी अर्थातच डिपार्टमेंटच्या डेस्कटॉपवर प्रयत्न केला. १६ जीबी रॅम, चार कोअर. एका नमुन्याची सगळी प्रक्रिया, म्हणजे तपासणी, ट्रिमिंग (रीडची खराब टोकं कापणं), जीनोमवर बसवणं (कुठला रीड भाताच्या डीएनएत कुठला ते शोधणं), मोजणी, सगळं धरून पाच तास. चोवीस नमुन्यांचे १२० तास, म्हणजे सलग पाच दिवस. जूनमध्ये बेळगावात सलग पाच दिवस करंट राहिलेला मी बघितलेला नाही. शिवाय मधल्या फाइलींनी दुसऱ्या नमुन्यातच डिस्क भरत आली.

माझा एक जुना विद्यार्थी बेंगळुरूत डेव्हऑप्समध्ये, म्हणजे सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर चालतं ठेवायच्या कामात आहे, मूळचा खानापूर तालुक्यातला. त्याला फोन केला. म्हणाला, "मॅडम, क्लाउडवर टाका की. ऊसतोडीला टोळी आणतो तसंच आहे ते. लागतील तेवढी माणसं आणायची, फड संपला की परत पाठवायची. फक्त मुकादम चांगला पाहिजे."

मुकादम म्हणजे नेक्स्टफ्लो. बार्सिलोनातल्या एका जीनोम संशोधन केंद्रात २०१३ पासून वाढलेलं हे सॉफ्टवेअर कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुणाला किती रॅम, कुठलं फसलं तर परत कुणाला द्यायचं हे सांभाळतं. त्यावर चालणाऱ्या तयार पाइपलाइनी एनएफ-कोअर नावाच्या समुदायानं फुकट ठेवल्या आहेत. त्यातली आरएनए-सेक मी घेतली, आवृत्ती ३.१८.०. आवृत्तीचा आकडा आज्ञेत स्पष्ट घाला. नाही घातला तर आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरीच चालेल, आणि प्रबंधात कुठली लिहायची हे कळणार नाही.

आता पैसे. कॉलेजच्या संशोधन निधीतले २०,००० रुपये 'डेटा अ‍ॅनालिसिस' या नावाखाली माझ्याकडं शिल्लक होते. ९ जूनला अर्ज दिला. वरचं पत्र कन्नडमध्ये, एस्टिमेट इंग्रजीत, आणि ऑफिसात बोलणं मराठीत, नेहमीसारखं. आमच्या एफडीए साहेबांनी, म्हणजे ऑफिसातल्या फर्स्ट डिव्हिजन असिस्टंटनी, कागद दोनदा वाचला.

"मॅडम, मशीन कुठल्या रूममध्ये बसवणार? रूम नंबर घाला की."

"मशीन मुंबईत आहे साहेब. आपण भाड्यानं वापरणार."

"मग डिलिव्हरी चलन कोण देणार?"

यात त्यांची चूक काहीच नाही. खरेदीचे नियम कपाटं आणि मायक्रोस्कोपसाठी लिहिलेले. तीन कोटेशन लागणार होती, आणि क्लाउडवाल्या कंपन्या कोटेशन देत नाहीत, किमतीचा कॅल्क्युलेटर देतात. शेवटी मी तीन कंपन्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये तेच आकडे भरले, पानं छापली, खाली सह्या केल्या आणि 'कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट' म्हणून जोडली. एवढ्यावर चाललं. २० जूनला मंजुरी आली: आधी स्वतः भरा, मग बिल लावा, बिलावर कॉलेजचा जीएसटी क्रमांक पाहिजे. तो क्रमांक खातं उघडल्या उघडल्या टॅक्स सेटिंगमध्ये भरून टाका. बिल निघाल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

२१ जूनला एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, खातं उघडलं. पहिलं कार्ड चाललं नाही, माझ्या बँकेनं त्यावर ऑनलाइन परदेशी व्यवहार बंद ठेवले होते. दुसरं चाललं. मग विद्यार्थ्यानं फोनवरून तीन गोष्टी करून घेतल्या. मुख्य खात्याला मोबाइलवरचा दुसरा कोड लावला. रोजच्या कामाला वेगळा युजर काढला. आणि ५,००० रुपयांवर बजेटचा इशारा लावला. हा इशारा फक्त मेल पाठवतो, मशीन थांबवत नाही. मी आठवडाभर उलटं समजून निवांत होते.

मुंबई रीजन, म्हणजे कंपनीच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांचा गट, घ्यायचा हे ठरलेलं होतं. एकच सांगते: डेटा ज्या रीजनमध्ये, मशीनही त्याच रीजनमध्ये. स्क्रीनच्या कोपऱ्यात रीजनचं नाव असतं आणि ते आपोआप अमेरिकेवर गेलेलं असू शकतं. मी एक पूर्ण संध्याकाळ माझं मशीन 'गायब' झालं म्हणून शोधत होते.

२७ जूनला रात्री नऊ वाजता अपलोड सुरू केला. आधी डिस्कवरच्या एमडी-५ यादीशी (प्रत्येक फाइलीच्या तपासणी-आकड्यांशी) सगळ्या फाइली ताडून घेतल्या, हे टाळू नका. घरच्या फायबरला वर जायचा वेग २० एमबीपीएस, म्हणजे हिशोबानं दहा-अकरा तास. दोन रात्री लागल्या, कारण करंट येऊलाय-जाऊलाय चाललं होतं. साध्या कॉपीऐवजी सिंक वापरा. गेलेल्या फाइली तो सोडून देतो आणि उरलेल्याच पाठवतो.

यानंतरचे दोन दिवस मांडणीत गेले. एस-थ्रीवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइली साठवायच्या सेवेत, दोन बकेटा, म्हणजे मोठे फोल्डर: एक कच्च्या डेटाची, एक मधल्या कामाची. मधल्या कामाच्या बकेटीला ३० दिवसांनी आपोआप पुसायचा नियम. बॅच नावाच्या सेवेत एक कॉम्प्युट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कसली आणि किती मशीन आणायची ते, आणि एक जॉब क्यू, म्हणजे कामांची रांग. कमीत कमी व्हीसीपीयू (भाड्याचे सीपीयू) शून्य ठेवा. तिथं चार लिहिलं तर काम नसतानाही चार सीपीयूचं मशीन भाडं खात उभं राहतं. मशीन स्पॉट प्रकारची घेतली. कंपनीकडं रिकामी पडलेली ती मशीन खूप स्वस्तात मिळतात, पण दुसऱ्या कुणाला हवी झाली की दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेतात. म्हणून काढून घेतलेलं काम परत टाकायची मुभा नेक्स्टफ्लोला द्यावी लागते. मी ती तीन वेळांची दिली.

मग नेक्स्टफ्लोची कॉन्फिग फाइल. ती उण्यापुऱ्या पंधरा ओळींची निघाली. कामं बॅचवर पाठव, रांगेचं नाव हे, रीजन मुंबई, मधल्या फाइली या बकेटीत. एवढीशी ती फाइल, आणि माझा अख्खा जुलै तिच्यात गेला.

१ जुलैला पाइपलाइनसोबत येणारी चाचणी चालवली. ती यीस्टच्या चिमुकल्या डेटावर चालते. लगेच पडली, एक्झिट कोड १२७. म्हणजे 'अशी आज्ञाच सापडली नाही'. प्रत्येक काम कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंद डब्यात चालतं, त्याला एस-थ्रीवरून फाइली आणायला एडब्ल्यूएसचं कमांड लाइन साधन लागतं, आणि ते मशीनच्या इमेजमध्ये (ज्या साच्यावरून मशीन उभं राहतं त्यात) आपण बसवून ठेवायचं असतं. मिनिकोंडा नावाच्या इन्स्टॉलरमधून बसवायचं आणि त्याचा पत्ता कॉन्फिगमध्ये द्यायचा. वेव्ह आणि फ्यूजन ही साधनं वापरून हे टाळता येतं असं नंतर कळलं, पण तोवर माझी इमेज तयार झाली होती. २ जुलैच्या रात्री चाचणी हिरवी झाली. मी घरात सगळ्यांना चहा केला.

मधे नमुन्यांची यादी. ही साधी सीएसव्ही फाइल असते: नमुन्याचं नाव, पहिली फाइल, दुसरी फाइल, स्ट्रँडेडनेस (रीड डीएनएच्या कुठल्या धाग्याचे). शेवटच्या रकान्यात 'ऑटो' लिहिलं की पाइपलाइन थोड्या रीड्सवरून स्वतः ओळखते. नावांसाठी मी प्रयोगशाळेतल्या ट्यूबवरची लेबलं घेतली, ३-१, ३-२, ७-१ अशी. एक्सेलनं ती मुकाट्यानं ३ जानेवारी, ३ फेब्रुवारी, ७ जानेवारी करून टाकली. जनुकांच्या नावांच्या तारखा करण्याबद्दल एक्सेल आमच्या क्षेत्रात आधीच बदनाम आहे, इतकं की २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलावी लागली. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि तरी. चोवीस नावं परत हातानं लिहिली. हातानं, हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

५ जुलै, शनिवार. रात्री साडेनऊला खऱ्या डेटावर पहिला रन सोडला. बाहेर धो धो पाऊस. स्क्रीनवर ओळी उमटायला लागल्या, जीटीएफ (जनुकांच्या जागांची यादी) गाळून झालं, दोन-तीन छोटी कामं झाली, आणि बॅचच्या पानावर बाकीच्या सगळ्या कामांपुढं आलं: रनेबल. मला वाटलं, सुटलं. रनेबल, म्हणजे पळायला लागलं. लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपले.

पहाटे पाचला उठून बघितलं. ट्रिमिंग: २४ पैकी ०. इंडेक्स (जीनोमची शोधसूची): १ पैकी ०. लाल अक्षर एकही नाही. चूक दाखवली असती तर शोधली तरी असती. रविवार सकाळभर मी तेच पान रिफ्रेश करत बसले. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "झाला काय गं तुझा भात?" म्हटलं, "अजून चूल पेटलेली नाही."

रनेबल म्हणजे 'पळवण्यासारखं', पळणारं नव्हे. कामाची तयारी झाली आहे, टोळी आलेली नाही. टोळी का आली नाही हे मला त्या पानावर कुठं दिसलं नाही, म्हणून एकेक दार ठोठवायचं. माझ्या विद्यार्थ्यानं लावून दिलेला क्रम असा: मशीनना इंटरनेट आहे का, मशीनला दिलेल्या आयएएम रोलला (त्याच्या ओळखपत्राला) परवानगी आहे का, कामानं मागितलेला सीपीयू किंवा रॅम कुठल्याच मशीनमध्ये मावत नाही असं तर नाही ना, आणि शेवटी खात्याचा कोटा. माझं शेवटच्या दारात सापडलं. माझ्या नव्या खात्यात स्पॉट मशीनचा कोटा होता ५ व्हीसीपीयू. आणि या पाइपलाइनमधली जड कामं मागतात प्रत्येकी १२ सीपीयू आणि ७२ जीबी रॅम. पाच माणसांचा परवाना घेऊन मी बारा माणसांची गाडी मागवत होते. चाचणी पास झाली कारण ती चारच्या वर मागतच नाही.

दोन गोष्टी केल्या. कोटा ६४ करून द्या म्हणून ६ जुलैला अर्ज टाकला. कारणाच्या चौकटीत नेमकं लिहिलं: भाताच्या आरएनए डेटाचं विश्लेषण, २४ नमुने, एका वेळी आठ मशीन, महिनाभर. ८ तारखेला मंजूर. खातं उघडता त्याच दिवशी हा अर्ज टाका. दुसरी गोष्ट, कॉन्फिगमध्ये रिसोर्स लिमिट घातलं, कुणीही ८ सीपीयू आणि ३२ जीबीच्या वर मागायचं नाही. ते ७२ जीबी माणसाच्या जीनोमच्या मापाचं आहे. माणसाचा जीनोम ३१० कोटी अक्षरांचा, भाताचा साधारण ३७ कोटींचा. भाताला हत्तीचा हौदा कशाला? ही एक ओळ घातली आणि मशीनचं भाडं जवळपास निम्म्यावर आलं.

९ तारखेचा रन डिस्क भरल्यामुळं पडला. मशीनला मिळालेली डिस्क ३० जीबीची, आणि एका मशीनवर दोन-तीन कामं एकदम उतरली की ती बघता बघता भरते. लाँच टेम्प्लेटमध्ये (नवं मशीन कसं हवं ते लिहायच्या नमुन्यात) २०० जीबी लिहून नवी एन्व्हायर्नमेंट केली, जुनीत नुसता आकडा बदलून ते लागू पडत नव्हतं. १० तारखेचा रन माझ्यामुळं पडला. मुकादम माझ्या लॅपटॉपवर बसलेला, रात्री करंट गेला, राउटर बंद, आणि लॅपटॉपला बॅटरी असून उपयोग काय? मग क्लाउडवरच एक लहानसं मशीन घेऊन मुकादमाला तिथं टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या खिडकीत) बसवलं. यात एक मेख आहे. रिझ्यूम लावलं की झालेली कामं नेक्स्टफ्लो परत करत नाही, पण त्याची वही नेक्स्टफ्लोच्या नावाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये असते, जिथून रन सोडला तिथंच. तो फोल्डर नव्या मशीनवर नेला नाही तर मुकादम कोरी वही घेऊन पहिल्यापासून सुरू करतो. मला हे वेळेवर कळलं, नशीब.

११ जुलै, शुक्रवार, रात्री नऊला सोडलेला रन शनिवारी पहाटे साडेचारला संपला. साडेसात तास. पाच दिवसांचं काम. 'पाइपलाइन कम्प्लीटेड सक्सेसफुली' ही हिरवी ओळ मी फोटो काढून विद्यार्थ्याला पाठवली. तो जागाच होता.

पण खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते. इथवरच्या सगळ्या चुकांत निदान काहीतरी पडलं होतं किंवा अडलं होतं. पुढच्या दोन्ही चुकांत हिरवी ओळ होती.

शनिवारी दुपारी मल्टीक्यूसीचा अहवाल उघडला. सगळ्या नमुन्यांची गुणवत्ता एका पानावर देणारा हा अहवाल छान दिसतो, आलेख, रंग. खाली-वर करताना सहज ओळी मोजल्या. तेवीस. परत मोजल्या. तेवीस. आणि त्यातल्या एका नमुन्यात चार कोटी रीड्सच्या जोड्या, बाकी सगळ्यांत दोन-दोन कोटी. मी सीएसव्ही उघडली. येळ्ळूर, तिसरा दिवस, दुसरी रोपं: हे नाव दोन ओळींत. तिसऱ्या रोपांचं नाव कुठंच नाही. हातानं लिहिताना दोनाचे तीन करायचे राहिले होते. एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या की ही पाइपलाइन त्या एकाच नमुन्याच्या फाइली समजून जोडून टाकते. सोय म्हणूनच ठेवली आहे ती, कारण सिक्वेन्सिंगच्या दोन लेनमधल्या फाइली अशाच जोडायच्या असतात. तिनं मी लिहिलं तसंच केलं. दोन वेगळी रोपं एक झाली, आणि दोन्ही एकाच वाणाची, एकाच दिवसाची असल्यामुळं पुढच्या कुठल्याही आलेखात ती वेगळी उठून दिसली नसती. आता मी रन सोडण्याआधी नावांचा रकाना सॉर्ट करून युनिक किती हे मोजते. एक ओळीची आज्ञा आहे.

दुरुस्त करून रिझ्यूम लावलं. बाकीचे बावीस जसेच्या तसे, या दोघांचंच नव्यानं झालं. तासाभरात संपलं.

१७ जुलैला मोजणीचा तक्ता घेऊन धारवाडला गाइड मॅडमकडं गेले. एसटीत दोनदा उघडून बघितला असेन. मॅडमनी पाच मिनिटं तो वर-खाली केला आणि विचारलं, "स्वर्णा-सब१ मध्ये सब१ए कुठं आहे?"

ज्यांना हा विषय नाही त्यांच्यासाठी: सब१ए हे ते जनुक ज्याच्या जोरावर काही भात पुरात टिकतो. ओडिशातल्या एफआर१३ए नावाच्या जुन्या वाणातून ते आलं, नवव्या गुणसूत्रावर असतं, आणि २००६ मध्ये ते नेमकं ओळखलं गेलं. बुडालेलं साधं रोप पाण्याच्या वर डोकं काढायला उंच वाढत सुटतं आणि त्यात सगळी शिदोरी संपवतं. सब१ए असलेलं रोप वाढ रोखून, शक्ती राखून बसून राहतं, दोन आठवड्यांपर्यंत. स्वर्णा या वाणात हे जनुक आणून केलेला भात म्हणजे स्वर्णा-सब१. ते त्याच्या नावातच आहे. आणि माझ्या तक्त्यात नव्हतं. मोजणी शून्य नव्हती, ती ओळच नव्हती.

मॅडम हसल्या. "रेफरन्स कुठला घेतला?"

रेफरन्स म्हणजे ज्या वाणाच्या जीनोमवर रीड बसवायचे तो. निप्पोनबारे. सगळे घेतात तोच. त्याच्या जीनोमची आयआरजीएसपी-१.० ही आवृत्ती, एन्सेम्बल प्लांट्स या संकेतस्थळावरून. फास्टा (जीनोमची अक्षरं) आणि जीटीएफ एकाच ठिकाणचे घ्यायचे, नाहीतर एकात गुणसूत्राचं नाव '१' आणि दुसऱ्यात 'सीएचआर०१' असतं आणि काहीच जुळत नाही, एवढी काळजी मी घेतली होती. पण निप्पोनबारे हा जपानी भात. त्याच्या जीनोममध्ये सब१बी आहे, सब१सी आहे, सब१ए नाहीच. हे मी स्वतः प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय, संदर्भासहित. आणि रेफरन्सचा पत्ता कॉन्फिगमध्ये भरताना मला ते आठवलं नाही, कारण त्या वेळी मी कोटा, डिस्क आणि एक्झिट कोडांच्या मागं होते. जीनोममध्ये जे नाही त्याच्यावर रीड बसणार कसे? त्यातले काही बी आणि सी या भावंडांवर जाऊन बसले असणार, तेही वेगळंच.

परतीच्या वाटेवर कित्तूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग फोनवर पाइपलाइनची माहिती वाचायला लागले आणि एक पर्याय सापडला: अ‍ॅडिशनल फास्टा. मूळ जीनोमला आपल्याकडची जास्तीची सिक्वेन्स जोडून द्यायची सोय. एनसीबीआय या सार्वजनिक डेटाबेसवरून सब१एचा एमआरएनए (त्या जनुकाची आरएनए प्रत) घेतला, एका छोट्या फाइलीत ठेवला आणि १९ जुलैला परत रन सोडला. ट्रिमिंग जुनंच वापरलं गेलं. इंडेक्स आणि पुढचं सगळं नव्यानं. पाच तास.

रविवारी पहाटे तक्ता उघडला आणि थेट सब१ए शोधलं. ओळ होती. स्वर्णा-सब१ मध्ये बुडवायच्या आधी किरकोळ, एक दिवस पाण्याखाली राहिल्यावर एकदम वर. जसं असायला हवं तसं. येळ्ळूरच्या बासमतीच्या रकान्यात काय होतं ते मॅडमना दाखवल्याशिवाय इथं लिहिणार नाही.

निकालाच्या ३८ जीबी फाइली खाली उतरवून घेतल्या. महिन्याला १०० जीबीपर्यंत उतरवायला पैसे पडत नाहीत, त्यामुळं तो खर्च नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जुलैचं बिल आलं: ६,९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ८,१४२. त्यात प्रत्यक्ष मशीनचं भाडं २,१५० रुपये, पडलेले सगळे रन धरून. मशीनच्या डिस्का ४८०. एस-थ्री २,०६०, कारण मधल्या कामाच्या बकेटीत आठशेच्या आसपास जीबी साचले होते. सटरफटर ७२०. आणि १,४९० रुपये नॅट गेटवे (मशीनना इंटरनेटला जोडणारं दार) या गोष्टीचे, जी मी एका ट्युटोरियलमध्ये बघून लावली होती आणि विसरले होते. काम असो नसो, ती तासाच्या हिशोबानं चालते, दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये, शिवाय तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे वेगळे. दहाव्या दिवशी विद्यार्थ्याच्या नजरेला पडली म्हणून थांबली. एस-थ्रीला थेट जायचा फुकटचा रस्ता असतो, त्याला गेटवे एंडपॉइंट म्हणतात, तो पहिल्या दिवशी लावून घ्या.

बिल घेऊन ऑफिसात गेले. जीएसटी क्रमांक जुळला, मंजुरीचा कागद जुळला, पैसे गणपतीच्या आधी, २२ ऑगस्टला, खात्यात आले. अडलं फक्त रजिस्टरमध्ये. एफडीए साहेबांनी डेड स्टॉकचं, म्हणजे टिकाऊ वस्तूंचं रजिस्टर उघडलं, मग बंद केलं.

"मॅडम, वस्तू आता कुठं आहे?"

"कुठंच नाही साहेब. काम झालं, परत गेली."

"म्हणजे संपली."

"संपली म्हणा."

मग त्यांनी कन्झ्युमेबलचं रजिस्टर काढलं. वरच्या ओळीत अगारोज, त्याच्याखाली पिपेटच्या टिप्स, त्याच्याखाली त्यांनी सावकाश लिहिलं: कॉम्प्युटर, भाड्याचे. नगाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमची पाच मिनिटं गेली. शेवटी तिथं एक आडवी रेघ मारली आणि सहीसाठी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.